पंगतीत कोणाचं पान?

आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या, पण त्यांची रक्षा अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या दफनभूमीत आहे. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या, तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. अमेरिकेत ज्यांनी त्यांना पोटच्या मुलीसारखं सांभाळलं, त्या थिओडिसिया कार्पेंटर यांच्याकडे आनंदीबाईंचे पती गोपाळराव यांनी रक्षा पाठवून दिली. कार्पेंटरबाईंनी ती आपल्या घराण्याच्या जागेत ठेवली आणि वर दगड बसवला. शिक्षणासाठी देश सोडून गेलेली पहिली ब्राह्मण स्त्री, अशी ओळख त्या दगडावर कोरलेली आहे.

अमेरिकेला जाण्याआधी, १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात त्यांनी इंग्रजीतून भाषण केलं. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, असं या सतरा वर्षांच्या मुलीनं भरसभेत सांगितलं. शब्द तिनं पाळला. फिलाडेल्फियाच्या थंडीत लुगडं सोडलं नाही, मांसाला स्पर्श केला नाही. मार्च १८८६ मध्ये डॉक्टरकीची पदवी मिळाली, कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातली नेमणूकही झाली. पण त्या परतल्या त्या क्षयानं खंगून. समुद्र ओलांडून आलेल्या बाईच्या अंत्यविधीला भटजी आढेवेढे घेतील, अशी घरच्यांना धास्ती होती. तसं काही झालं नाही. तरीही ही धास्ती वाटावी, यातच एक मोठा प्रश्न दडलेला आहे. घर सोडून गेलेला माणूस आपला किती काळ राहतो? आणि तो आपला आहे की नाही, हे कशावरून ठरवायचं?

आज हा प्रश्न साडेतीन कोटी माणसांचा आहे. भारताबाहेर राहणारे भारतीय नागरिक आणि भारतीय वंशाचे लोक मिळून संख्या एवढी भरते. त्यांतले निम्म्याहून थोडे कमी अजून भारताचाच पासपोर्ट बाळगून आहेत. हा विषय निघाला की बोलणं बहुतेक वेळा डॉलरवर किंवा अभिमानावर घसरतं. आपल्या परंपरेनं मात्र त्याचा विचार धर्माचा प्रश्न म्हणून, फार बारकाईनं केलेला आहे. कधी चांगला, कधी फार वाईट.

बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास दोनदा येतो. एकदा तो उत्तरेकडच्या लोकांच्या चालीरीतींमध्ये येतो: लोकर विकणं, मद्य पिणं, शस्त्रांवर पोट भरणं आणि समुद्रावर जाणं. म्हणजे लोक जात होते, आणि सूत्रकाराला ते ठाऊक होतं. दुसऱ्यांदा तो पतन घडवणाऱ्या कर्मांच्या यादीत येतो, आणि तिथे त्यावर प्रायश्चित्तही सांगितलेलं आहे: चौथ्या वेळेला मोजकं जेवायचं, त्रिकाळ स्नान करायचं, दिवसा उभं राहायचं आणि रात्री बसायचं, अशी तीन वर्षं काढली की दोष जातो. मनुस्मृती समुद्रावर जाणाऱ्याला श्राद्धाच्या पंगतीला बोलवू नये म्हणते, आणि तीच स्मृती आठव्या अध्यायात सांगते की समुद्रप्रवासात मुरलेल्या माणसांनी ठरवलेला व्याजाचा दर मानावा. व्यवहारात त्याचा शब्द चालतो, पान मात्र मांडायचं नाही.

इथपर्यंतची व्यवस्था कडक असली, तरी तिच्यात परतीची वाट होती. ती वाट कलिवर्ज्यांनी बंद केली. पूर्वीच्या युगात चालत असलेल्या, पण कलियुगात करू नयेत अशा गोष्टींची ही यादी. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या तिसऱ्या खंडात ती सविस्तर तपासली आहे. तिच्यातलं एक कलम असं, की नावेतून समुद्रावर गेलेल्या द्विजानं प्रायश्चित्त घेतलं, तो शुद्ध झाला, तरीही त्याला आपल्यात घेऊ नये. दोष गेला हे मान्य करायचं आणि माणूस मात्र नाकारायचा. शास्त्राच्या अंगानं पाहिलं तरी हे टिकणारं नाही. दोषच उरला नाही, तर नाकारायचं कशासाठी? बौधायनाला माणूस परत यायला हवा होता. कलिवर्ज्य लिहिणाऱ्यांना इतर कोणी जाऊ नये याचीच चिंता होती. अशा चिंतेपायी भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर राहणारा समाज समुद्राला पाठ करून बसला आणि त्याची किंमत या देशानं पुढे मोजली.

ज्यांना जाणं भागच होतं, त्यांनी घर सोबत न्यायचा मार्ग धरला. ज्याच्या मोहिमेत १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोचल्या, त्याच राघोबादादानं पुढे पेशवाईच्या भांडणात इंग्रजांची मदत मिळवण्यासाठी लंडनला वकील धाडले. १७८१ मध्ये तिथे पोचलेल्या या वकिलांत हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ होते. सोवळं सांभाळून राहायचं कुठे आणि शिजवायचं कुठे, असा पेच पडला, तेव्हा एडमंड बर्क या खासदारानं त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचेचं रोपघर स्वयंपाकासाठी मोकळं करून दिलं. विलायती झाडं ठेवायच्या त्या काचघरात एक मराठी माणूस चूल मांडून, आंघोळ करून, स्वतःचा भात स्वतः शिजवत होता. पुढे वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवणाऱ्या बर्कला हिंदुस्थानातल्या माणसाच्या धर्माची कदर इतक्या जवळून कळली होती, हे आपल्या इतिहासात फारसं कोणी सांगत नाही.

जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह यांनी हीच गोष्ट राजाच्या थाटात केली. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी त्यांना लंडनला जायचं होतं. त्यांनी अख्खी बोटच भाड्यानं घेतली आणि चांदीचे प्रचंड गंगाजली रांजण भरून बरोबर नेले. एकेका रांजणाचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास आहे. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये ते आजही पाहता येतात.

सामान्य माणसाला असे रांजण परवडत नसत. मोहनदास गांधी १८८८ मध्ये बॅरिस्टर व्हायला मुंबईहून निघाले, तेव्हा मोढ वाणी जातीची सभा भरली. शेटजींनी त्यांना जातीबाहेर टाकलं, आणि जो त्यांना मदत करील किंवा बंदरावर निरोप द्यायला जाईल त्याला सव्वा रुपया दंड ठोठावला. १८९१ मध्ये ते परतल्यावर थोरल्या भावानं त्यांना आधी नाशिकला नेऊन गोदावरीत स्नान घडवलं, मग राजकोटला जातभोजन घातलं. जातीचा एक भाग तरीही बधला नाही. या सगळ्यात गांधींचं वागणं बघण्यासारखं आहे. बहिष्काराचा नियम त्यांनी स्वतःच पाळला. सासरची माणसं गुपचूप पाणी पाजायला तयार होती. जे उघडपणे करता येत नाही ते चोरून करायचं नाही, म्हणून त्यांनी सासऱ्याकडे पाण्याचा घोटही घेतला नाही. जातीचा राग धरला नाही आणि जातीत परत घ्या म्हणून अर्जही केला नाही.

परतीची वाट नसली की काय होतं, हे महाराष्ट्राला निराळं सांगायला नको. विठ्ठलपंत काशीला जाऊन संन्यासी झाले आणि गुरूंच्या आज्ञेनं पुन्हा संसारात आले. संन्यासातून घरी परतायला शास्त्रात दार नव्हतं. आळंदीच्या ब्रह्मवृंदानं कुटुंब वाळीत टाकलं, पंतांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं, आणि परंपरा सांगते की नवरा-बायकोनं जलसमाधी घेतली. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही पोरकी मुलं शुद्धिपत्रासाठी पैठणला चालत गेली. उलट बाजूनं नेताजी पालकरांची हकिकत पाहावी. मोगलांनी धरून धर्म बदलायला लावलेला, काबूलच्या बाजूला धाडलेला हा सरदार नऊ वर्षांनी रायगडावर आला. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये त्यांना शुद्ध करून गोतात घेतलं. शास्त्राचा काथ्याकूट करणारे तेव्हाही असणार. महाराजांनी निर्णय घेतला आणि तो पाळला गेला.

जे परत आलेच नाहीत, त्यांची गोष्ट आणखी निराळी. मॉरिशसला ऊसमळ्यांत गेलेल्या गिरमिटियांमध्ये, म्हणजे करारानं बांधलेल्या मजुरांमध्ये, कोकणातून मुंबई बंदरावर आलेली माणसंही होती. त्यांच्या वंशजांसाठी गणेश चतुर्थी आज त्या देशात सरकारी सुट्टी आहे. तिथल्या ग्रां बासाँ या तळ्यात १९७२ मध्ये गंगेचं पाणी ओतलं आणि तळ्याचं नाव गंगा तलाव झालं. पुण्यभूमी हलत नाही, असं मानणाऱ्यांनी महाशिवरात्रीला तिथे पायी येणारे लाखो भाविक पाहावेत.

आणि कोकणातले यहुदी, बेने इस्रायल. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आपले पूर्वज आले, असं ते सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. १९४८ नंतर ते मोठ्या संख्येनं इस्रायलला गेले. धर्मग्रंथ ज्याला घर म्हणतो तिथे ते चालले होते, म्हणजे हे जाणं त्यांच्या श्रद्धेप्रमाणे घरी परतणं होतं. प्रत्यक्षात १९५१-५२ मध्येच त्यांच्यातल्या काहींनी आम्हांला भारतात परत पाठवा म्हणून धरणं धरलं. साठच्या दशकात तिथल्या मुख्य धर्मपीठानं लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करायचा फतवा काढला. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळलेल्या माणसांना तुम्ही खरे यहुदी कशावरून, असं विचारलं गेलं. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ते सर्व अर्थांनी यहुदी असल्याचं जाहीर केलं. आजही त्यांच्या घरी नवस फेडताना मलिदा होतो: ताटात गोड पोहे, वर खोबरं, भोवती फळं, आणि एलियाहू हन्नबीचं गाणं. सावरकरांनी १९२३ मध्ये पितृभू आणि पुण्यभू एक असण्याची कसोटी मांडली होती. मलिद्याचं ते ताट या कसोटीत बसत नाही. त्यात पुण्यभूमीत बसून पितृभूमीचे पोहे खाल्ले जातात, आणि खाणाऱ्याच्या मनात कसलंही द्वैत नसतं. कसोटी अपुरी आहे, एवढाच याचा अर्थ.

मग नातं ठरवायचं कशावरून? जमिनीवर पाय असणं पुरत नाही आणि रक्तही पुरत नाही. आपल्या परंपरेत याला एक चांगलं उत्तर आहे, ते म्हणजे ऋण. तैत्तिरीय संहिता सांगते की माणूस तीन ऋणं घेऊन जन्मतो: ऋषींचं अध्ययनानं फिटतं, देवांचं यज्ञानं, पितरांचं संततीनं. यात धनकोला काहीच परत जात नाही. ऋषींकडून मिळालेलं पुढच्या शिष्याला द्यायचं, आईबापांकडून मिळालेलं मुलाला. ऋण पुढे चालवून फिटतं. शतपथ ब्राह्मण यात चौथं जोडतं, माणसांचं ऋण. आणि ते फेडायची रीत सांगतं की माणसांना आसरा द्यावा, अन्न द्यावं.

हे चौथं ऋण परदेशी गेलेल्यांच्या चर्चेत कोणी काढत नाही, आणि खरा मुद्दा तिथेच आहे. गेलेला माणूस देशाचं काय देणं लागतो, हे सगळे विचारतात. मुंबईत जन्मलेले, अमेरिकेत शिकवणारे अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९७० च्या दशकात सुचवलं होतं की गरीब देशांतून गेलेल्या उच्चशिक्षितांच्या परदेशी कमाईवर कर बसवावा आणि तो पैसा विकसनशील देशांना द्यावा. अमेरिका आजही आपल्या नागरिकाकडून तो कुठेही राहत असला तरी कर मागते. भारत मागत नाही, आणि तरीही जागतिक बँकेच्या अंदाजाप्रमाणे २०२४ मध्ये भारतीयांनी सुमारे १२९ अब्ज डॉलर मायदेशी पाठवले. जगात दुसऱ्या कोणत्याही देशाला एवढी रक्कम येत नाही. या पैशाला देशप्रेमाचा पुरावा मानणं चूक आहे. दुबई, कुवेत, मस्कतहून येणारा पैसा बापाच्या औषधाला, बहिणीच्या लग्नाला, अर्ध्या बांधलेल्या घराच्या स्लॅबला येतो. तो पितृऋणाचा हप्ता आहे आणि तो इमानानं भरला जातो.

दुसऱ्या बाजूचं देणं देश कसं फेडतो, हे मार्च २०२० मध्ये दिसलं. २२ मार्चला आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद झाली. नोकऱ्या गेलेले मजूर, व्हिसा संपलेले विद्यार्थी, बाळंतपणाला घरी यायला निघालेल्या बायका जिथल्या तिथे अडकल्या. त्यांना परत आणणाऱ्या ‘वंदे भारत’ मोहिमेची पहिली विमानं निघाली ७ मे ला, आणि तिकिटाचे पैसे ज्याचे त्यानं भरायचे होते. साथीचं संकट खरं होतं, विलगीकरणही आवश्यक होतं. पण आपल्या देशात परत येण्याचा हक्क १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तेराव्या कलमात लिहिलेला आहे, आणि सहा आठवडे तो थांबला, याचा आपल्याकडे पुरेसा हिशेब मागितला गेला नाही. १९९० मध्ये याच देशानं कुवेतमध्ये अडकलेली सुमारे १ लाख ७० हजार माणसं विमानांनी परत आणली होती, हेही लक्षात ठेवावं.

मताधिकाराची गोष्ट याहून जुनाट आहे. परक्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेनं घेतलं की भारताचं जातं, हे राज्यघटनेच्या नवव्या कलमापासून चालत आलं आहे, आणि ते न्याय्य आहे. ज्यानं दुसऱ्या राष्ट्राशी निष्ठेची शपथ घेतली, त्याला ‘ओसीआय’ कार्डावर येण्याजाण्याची मोकळीक मिळते, मत मिळत नाही. यात त्याच्यावर अन्याय नाही. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्टाच्या मोहानं अनेकांनी घरी बसून हे नातं सोडलं, आणि तो निर्णय त्यांचा होता. पण ज्यानं शपथ घेतली नाही, त्याचं काय? आखाती देशांत आयुष्य घालवूनही सामान्य कामगाराला तिथलं नागरिकत्व मिळत नाही. खेड-दापोलीचा, श्रीवर्धनचा माणूस तीस वर्षं तिथे राबला तरी तो भारताचाच नागरिक असतो, आणि साठीला त्याला इथेच यायचं असतं.

२०१० च्या कायदादुरुस्तीनं अशा नागरिकांना मतदार म्हणून नोंदणी करता येऊ लागली. अट मात्र अशी, की मत द्यायला आपल्या मतदान केंद्रावर स्वतः, मूळ पासपोर्ट घेऊन हजर राहायचं. २०२४ च्या लोकसभेला परदेशस्थ मतदारांची नोंद १ लाख १९ हजारांच्या वर होती. मत द्यायला आले ते तीन हजारांहून कमी, आणि त्यांतले बहुतेक केरळचे. महाराष्ट्रात नोंद पाच हजारांवर होती. मतदान सतरा जणांनी केलं.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. जो इथे राहत नाही, इथल्या खड्ड्यांतून जात नाही, त्यानं इथलं सरकार का ठरवावं? प्लेटोच्या ‘क्रिटो’मध्ये अथेन्सचे कायदे सॉक्रेटिसला असंच काही सांगतात: ज्याला आम्ही पटत नाही त्याला आपलं चंबूगबाळं घेऊन जायची मोकळीक होती, तू सत्तर वर्षं राहिलास, म्हणजे करार मान्य केलास. राहणं म्हणजे संमती, जाणं म्हणजे करार मोडणं. या युक्तिवादात ज्याला जावंच लागतं त्याला जागा नाही. कोकणातला तरुण अथेन्सच्या श्रीमंतासारखा कायदे न पटल्यामुळे जात नाही. जमिनीचा तुकडा पुरत नाही आणि गावात काम नाही, म्हणून जातो. त्याची मुलं इथल्या शाळेत आहेत, त्याची आई इथल्या ग्रामीण रुग्णालयात रांगेत उभी राहते. निर्णयाचे परिणाम त्याच्या घरावर होतात. परिणाम भोगणाऱ्याला मत हवं, हा लोकशाहीचा आधार मानला तर त्याचा हक्क मुंबईतल्या मतदाराइतकाच पक्का आहे.

मार्ग नाहीत असंही नाही. सीमेवरच्या जवानाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवलेल्या टपाली मतपत्रिकेची सोय २०१६ पासून आहे. परदेशस्थांना प्रतिनिधीमार्फत मत देऊ देणारं विधेयक लोकसभेनं २०१८ मध्ये मंजूर केलं, आणि राज्यसभेत न येताच ते २०१९ मध्ये बाद झालं. २०२० च्या नोव्हेंबरात निवडणूक आयोगानं टपाली मतपत्रिकेची सोय परदेशस्थांनाही द्यायला आपण तयार असल्याचं कायदा मंत्रालयाला कळवलं. ते पत्र अजून प्रत्यक्षात उतरलेलं नाही. त्याचा पाठपुरावा करण्याची जबाबदारी महाराष्ट्राच्या खासदारांवरही आहे, कारण आखातात गेलेली माणसं त्यांच्याच मतदारसंघांतली आहेत.

तोवर परदेशी राहणाऱ्या, भारताचा पासपोर्ट असलेल्या प्रत्येक मराठी वाचकानं निदान यादीत नाव लावावं. अर्ज ‘फॉर्म ६ए’ या नावाचा आहे, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो विनाशुल्क भरता येतो, आणि पासपोर्टावर भारतातला जो पत्ता आहे, त्याच मतदारसंघात नाव लागतं.